कर्ज कोण देणार, मत कोणाचे चालणार

जुलै १९४४मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वूड्स इथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. दुसरे महायुद्ध अजून संपायचे होते, पण त्यानंतर जगाचा पैसा कसा फिरणार याचे नियम तिथे ठरत होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्थांचा आराखडा त्याच परिषदेत तयार झाला. भारत पारतंत्र्यात होता, तरी त्याचे शिष्टमंडळ हजर होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्यात होते. ते मूळचे महाडजवळच्या नाते गावचे.

या शिष्टमंडळाचे एक मोठे दुखणे होते. युद्धकाळात ब्रिटनने भारताकडून जो माल आणि ज्या सेवा घेतल्या, त्यांचे पैसे लंडनमध्ये ‘स्टर्लिंग शिल्लक’ म्हणून साचत होते. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम शंभर कोटी पौंडांच्या पुढे गेली. ती मोकळी कशी व्हावी याची काही तजवीज नाणेनिधीच्या नियमांत असावी, अशी मागणी भारताने केली. ब्रिटनचा तिला विरोध होता आणि अमेरिकेलाही हा विषय नको होता. मागणी फेटाळली गेली. येणे भारताचे होते, पण ते कसे आणि कधी मिळणार हे ठरवणारे दुसरेच होते.

आज ब्रिक्ससारख्या गटांची चर्चा होते तेव्हा डॉलरचा अंत, पश्चिमेचा अस्त असे मोठे शब्द वापरले जातात. मला त्या चर्चेतला खरा मुद्दा याहून साधा आणि अधिक महत्त्वाचा वाटतो. अडचणीत कर्ज कोण देणार, त्यावर अटी कोण घालणार आणि त्या ठरवताना कोणाच्या मताला किती किंमत असणार, हा तो मुद्दा आहे. उगवत्या अर्थव्यवस्थांनी एकत्र येऊन यात किती फरक पाडला, हे तपशिलात शिरल्यावरच कळते.

मतांची वाटणी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रत्येक देशाला एक मत असते. नाणेनिधीत तसे नाही. तिथे प्रत्येक देशाचा ‘कोटा’ ठरलेला असतो आणि मतांचे वजन मुख्यतः त्यावरून ठरते. अमेरिकेकडे सुमारे १६.५ टक्के मते आहेत. कोट्यांत फेरफार किंवा करारात दुरुस्ती करायची तर ८५ टक्के मते लागतात. म्हणजे बाकीचे सगळे देश एका बाजूला उभे राहिले तरी एकटी अमेरिका निर्णय अडवू शकते. भारताचा कोटा २.७५ टक्के आहे. इटलीची अर्थव्यवस्था आज भारतापेक्षा बरीच लहान असूनही तिचा कोटा तीन टक्क्यांच्या वर आहे.

प्रमुख नेमण्याची रीतही अलिखित, पण पक्की आहे. नाणेनिधीवर युरोपचा माणूस आणि जागतिक बँकेवर अमेरिकेचा. बँकेचे सध्याचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म पुण्याजवळच्या खडकीतला असला, तरी २०२३मध्ये त्यांचे नाव सुचवले ते अमेरिकेच्या अध्यक्षांनी, अमेरिकी नागरिक म्हणून.

ही वाटणी बदलायचे प्रयत्न झाले. २०१०मध्ये कोट्यांच्या फेरवाटपावर सहमती झाली. त्यात चीन, भारत आणि ब्राझील यांचा वाटा वाढणार होता. मात्र अमेरिकी काँग्रेसने त्याला मंजुरी दिली ती डिसेंबर २०१५मध्ये. एका देशाच्या संसदेसाठी जग पाच वर्षे ताटकळत राहिले. २०२३च्या अखेरीस पुन्हा आढावा झाला तेव्हा सगळ्यांचे कोटे सारख्याच प्रमाणात, ५० टक्क्यांनी, वाढवले गेले. साहजिकच कोणाचा वाटा कमी-जास्त झाला नाही.

अटींच्या आठवणी

१९९१च्या उन्हाळ्यात भारताकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून परदेशी पाठवले आणि ते तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. नाणेनिधीचे कर्ज आले आणि अटीही आल्या. त्यानंतरच्या सुधारणा देशाला हव्याच होत्या, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही त्या अवस्थेत पुन्हा कधी सापडायचे नाही, ही खूणगाठ सरकारे बदलली तरी सुटली नाही.

आशियाई संकटात हाच अनुभव आणखी कडवटपणे आला. जानेवारी १९९८मध्ये जकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो नाणेनिधीच्या करारावर वाकून सही करत आहेत आणि निधीचे प्रमुख मिशेल कामदेसू हाताची घडी घालून शेजारी उभे आहेत, असे छायाचित्र जगभर छापून आले. आशियातल्या कितीतरी लोकांच्या मनात ते चित्र अपमान म्हणून राहिले.

पुढच्या दहा वर्षांत या देशांनी परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने वाढवली. नोव्हेंबर २००९मध्ये नाणेनिधीने सोने विकायला काढले तेव्हा २०० टन सोने भारताने विकत घेतले. २०१२मध्ये युरोपातली कर्जे बुडायच्या बेतात आली, तेव्हा मेक्सिकोतल्या लॉस काबोसच्या जी-२० बैठकीत चीनने ४३ अब्ज, भारत, ब्राझील आणि रशियाने प्रत्येकी १० अब्ज आणि दक्षिण आफ्रिकेने २ अब्ज डॉलर नाणेनिधीला देऊ केले. कर्ज घेणारे आता कर्ज देणारे झाले होते. मतांचे वजन मात्र त्या वेळी जुनेच होते.

कानकूनचा कापूस, कोल्हापूरची साखर

ब्रिक्सची पहिली शिखर परिषद होण्याच्या सहा वर्षे आधीच उगवत्या देशांची युती किती जोर लावू शकते हे दिसले होते. सप्टेंबर २००३मध्ये मेक्सिकोतल्या कानकून इथे जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद भरली. शेतीच्या अनुदानांबाबत अमेरिका आणि युरोपीय संघाने आपसांत एक मसुदा ठरवून आणला होता. एरवी असे मसुदे थोड्याफार कुरबुरीनंतर मान्य होत. या वेळी ब्राझील, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आणि इतर काही विकसनशील देशांनी परिषदेआधीच गट बांधला होता. ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री सेल्सो अमोरिम आणि भारताचे वाणिज्यमंत्री अरुण जेटली त्यात आघाडीवर होते. परिषद निर्णयाविना मोडली.

तिथला सगळ्यात टोकदार विषय कापसाचा होता. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब आफ्रिकी देश सांगत होते की अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदाने देते, त्यामुळे जगात भाव पडतात आणि आमचा शेतकरी मरतो. जगातला भाव पडला की त्याची झळ यवतमाळ आणि अकोल्याच्या बाजारापर्यंत पोहोचते. विदर्भातल्या कापूस उत्पादकाला वेगळे समजावून सांगायला नको. ब्राझीलने याच अनुदानांविरुद्ध व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. अमेरिकेने अनुदाने पूर्णपणे थांबवली नाहीत, पण अखेर २०१४मध्ये ३० कोटी डॉलर मोजून ब्राझीलशी तडजोड केली. मध्यम ताकदीच्या देशाने महासत्तेकडून कायद्याच्या मार्गाने भरपाई वसूल केली, ही साधी गोष्ट नव्हती.

आता याच ब्राझीलची दुसरी बाजू. भारत साखर निर्यातीला अनुदान देतो आणि उसाला द्यायची ‘एफआरपी’ (सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर) मान्य मर्यादेपेक्षा जास्त आधार देणारी आहे, अशी तक्रार २०१९मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी केली. डिसेंबर २०२१मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केले, पण अमेरिकेने न्यायाधीशांच्या नेमणुका अडवून धरल्याने अपिलाचे मंडळ २०१९च्या डिसेंबरपासून बंदच पडले आहे आणि प्रकरण तसेच लोंबकळत राहिले. कापसात जो मित्र, तो साखरेत तक्रारदार. कोल्हापूर-सांगलीचा ऊस उत्पादक आणि साओ पाउलोचा साखर कारखानदार यांचे हितसंबंध एक नाहीत आणि कोणत्याही घोषणापत्राने ते एक होणार नाहीत. या युत्या विषयापुरत्या असतात. मला ही त्यांची उणीव वाटत नाही. सर्व बाबतीत एकमत असण्याची अट घातली असती, तर कानकूनमध्ये कापसावरही कोणी एकत्र आले नसते.

चार देशांचे पाच कसे झाले

२००१मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचे अर्थतज्ज्ञ जिम ओनील यांनी ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांना ‘ब्रिक’ या एका नावात गुंफले. हेतू गुंतवणूकदारांना सल्ला देण्याचा होता. या देशांचे परराष्ट्रमंत्री २००६मध्ये न्यूयॉर्कला भेटले आणि जून २००९मध्ये रशियातल्या येकातेरिनबुर्गमध्ये पहिली शिखर परिषद झाली. लुला, मेदवेदेव, मनमोहन सिंग आणि हू जिंताओ तिथे होते. दक्षिण आफ्रिका २०११च्या सान्या परिषदेपासून सहभागी झाली.

वेळ महत्त्वाची होती. २००८मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि वित्तव्यवस्थेवर जगाला शिकवणी देणारेच अडचणीत आले. पहिल्या शिखर परिषदेच्याच वर्षी, डिसेंबर २००९मध्ये, कोपनहेगनच्या हवामान परिषदेत ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत आणि चीन यांचे नेते एका खोलीत बोलत बसले असताना अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा स्वतः तिथे जाऊन पोहोचले आणि तिथेच त्या परिषदेचा अंतिम मसुदा आकाराला आला. युरोपीय नेते त्या खोलीत नव्हते.

शांघायची बँक

ब्रिक्सने काय केले असे कोणी विचारले, तर मी आधी नव्या विकास बँकेकडे बोट दाखवेन. २०१२च्या दिल्ली परिषदेत भारताने ही कल्पना मांडली आणि जुलै २०१४मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात करार झाला. अधिकृत भांडवल १०० अब्ज डॉलर; त्यातले सुरुवातीचे ५० अब्ज पाच देशांनी प्रत्येकी दहा अब्जाप्रमाणे उचलले. मुख्यालय शांघायला गेले आणि पहिले अध्यक्ष झाले मुंबईच्या आयसीआयसीआय बँकेला मोठे करणारे के. व्ही. कामत. सध्या ब्राझीलच्या माजी राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांच्याकडे ती जबाबदारी आहे.

त्यातली समान वाट्याची अट मोलाची आहे. चीनची अर्थव्यवस्था दक्षिण आफ्रिकेच्या कितीतरी पट मोठी, पण या बँकेत दोघांची मते सारखी आणि नकाराधिकार कोणालाच नाही. तुलना करायची तर बीजिंगमध्ये मुख्यालय असलेली आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक पाहावी. तिथे चीनकडे २६ टक्क्यांच्या आसपास मते आहेत आणि मोठ्या निर्णयाला ७५ टक्के लागतात. नाणेनिधीत अमेरिकेचे जे स्थान, तेच इथे चीनचे. शांघायच्या बँकेत समान वाट्याचा आग्रह भारताने धरला तो योग्यच होता.

बँकेची कर्जे रस्ते, पाणीपुरवठा, सौरऊर्जा अशा कामांना जातात. मुंबई मेट्रोच्या काही मार्गांसाठीही तिने कर्ज दिले आहे. कोरोनाच्या वर्षात भारताला आणि दक्षिण आफ्रिकेला तातडीची मदत मिळाली. तरी आकाराचे भान ठेवायला हवे. दहा वर्षांत बँकेने मंजूर केलेली कर्जे सुमारे ४० अब्ज डॉलर. जागतिक बँक समूह याहून जास्त रक्कम एका वर्षात मंजूर करतो.

तिच्या मर्यादांची परीक्षा मार्च २०२२मध्ये झाली. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर या बँकेने रशियातले नवे व्यवहार थांबवले. संस्थापक सदस्याचेच व्यवहार! कारण उघड होते. कर्ज देण्यासाठी बँकेला जागतिक रोखे बाजारातून, बव्हंशी डॉलरमध्ये, पैसा उभारावा लागतो आणि त्या बाजारात पत टिकवायची तर निर्बंध मोडून चालत नाही. आता एकूण कर्जांपैकी ३० टक्के सदस्य देशांच्या चलनांत देण्याचे तिने ठरवले आहे.

फोर्तालेझातच १०० अब्ज डॉलरचा राखीव निधी जाहीर झाला. संकटात कोणत्याही सदस्याला त्यातून मदत मिळावी, असा हेतू. पण नियमांत एक मेख आहे: आपल्या वाट्यातले ३० टक्केच थेट मिळतात, त्यापुढे नाणेनिधीशी करार झालेला असावा लागतो. २०२०मध्ये दक्षिण आफ्रिकेला पैशांची नड पडली, तेव्हा तिने ४.३ अब्ज डॉलर घेतले ते नाणेनिधीकडूनच.

दारात वाढलेली गर्दी

ऑगस्ट २०२३मध्ये जोहान्सबर्गला सहा देशांना आमंत्रण गेले. अर्जेंटिनात सरकार बदलले आणि त्याने नकार कळवला. सौदी अरेबियाने ना धड होकार दिला ना नकार. इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिराती २०२४पासून सदस्य झाले. इंडोनेशिया जानेवारी २०२५मध्ये. मलेशिया, थायलंड, नायजेरिया, व्हिएतनाम असे काही ‘भागीदार’ म्हणून जोडले गेले. क्रयशक्तीच्या हिशेबाने या गटाचे उत्पादन आता जी-७पेक्षा जास्त आहे, बाजारातल्या विनिमय दराने मात्र जी-७ अजून बरेच पुढे आहे. लेख वाचताना कोणता हिशेब दिला आहे ते आधी पाहावे.

सदस्य वाढले तसे तंटेही आत आले. निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे एकाचा नकार पुरतो. एप्रिल २०२५मध्ये रिओत परराष्ट्रमंत्री भेटले, पण सुरक्षा परिषदेत आफ्रिकेचा प्रतिनिधी कोण यावर इजिप्त आणि इथिओपिया अडून बसले आणि संयुक्त निवेदन निघू शकले नाही. भारतालाही हे नवे नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये गोव्यात बाणावलीला शिखर परिषद झाली, ती उरीच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात. जैश-ए-मोहम्मद आणि लष्कर-ए-तैयबा यांची नावे घोषणापत्रात यावीत असा भारताचा प्रयत्न होता. ती आली नाहीत. पुढच्या वर्षी चीनच्या शियामेनमध्ये, डोकलामचा पेच सुटल्यानंतर, ती आली.

रुपयांचा ढीग

फेब्रुवारी २०२२मध्ये पश्चिमी देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलर किमतीची गंगाजळी गोठवली. आक्रमणाला उत्तर म्हणून ते समजण्यासारखे होते. पण दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेला आपला पैसा एका निर्णयाने हाताबाहेर जाऊ शकतो, हे त्या दिवशी प्रत्येक देशाच्या अर्थमंत्र्याला कळले. डॉलरला पर्याय हवा ही चर्चा तेव्हापासून जोरात आहे.

ती प्रत्यक्षात आणणे किती अवघड आहे, याचे उत्तम उदाहरण भारत आणि रशियाचेच. जुलै २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापार रुपयात करण्याची मुभा दिली. भारत रशियाचे तेल मोठ्या प्रमाणावर घेऊ लागला होता. मे २०२३मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी सांगून टाकले, की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. २०२३-२४मध्ये भारताने रशियाकडून सुमारे ६१ अब्ज डॉलरची आयात केली आणि निर्यात जेमतेम चार अब्जांची. रुपये मिळाले तरी त्यात विकत घ्यायला पुरेसा भारतीय माल रशियाला नको होता. बाजारात न चालणाऱ्या गावठी हुंडीसारखी त्यांची गत झाली. डॉलर घेतला की जगात कुठेही खर्च करता येतो. त्याची खरी ताकद तीच आहे.

म्हणून ब्रिक्सचे समान चलन लवकर येईल, असे मला वाटत नाही. भारताने तर डॉलर हटवण्याची आपली भूमिकाच नाही, असे स्पष्ट केले आहे. तरीही नोव्हेंबर २०२४मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी असे चलन आणल्यास शंभर टक्के आयातशुल्काची धमकी दिली आणि ऑगस्ट २०२५मध्ये रशियन तेलाचे कारण देऊन भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. ब्राझीलच्या बऱ्याच मालावरही तेवढेच लागले. धमकीने पर्याय शोधणाऱ्यांची निकड कमी न होता वाढली.

चीनचे वजन

ब्रिक्सच्या एकूण अर्थव्यवस्थेत साधारण दोन-तृतीयांश वाटा एकट्या चीनचा आहे. २०२४-२५मध्ये भारताची चीनशी व्यापारतूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. एप्रिल २०२५मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. रोख अमेरिकेवर होता, पण पुणे परिसरात तयार होणाऱ्या विजेवरच्या दुचाकींच्या उत्पादनालाही त्याची झळ बसली. एका गटात असणे इथे कामी आले नाही.

वॉशिंग्टनचे वर्चस्व टाळताना बीजिंगचे ओढवून घेण्याची भीती काल्पनिक नाही. भारत एकीकडे ब्रिक्समध्ये आहे, दुसरीकडे अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाबरोबर क्वाडमध्ये. काहींना ही चलबिचल वाटते. मला तो विचारपूर्वक जपलेला मोकळेपणा वाटतो. चीनला वेसण घालायची, तर तो जिथे समान मताच्या नियमाने बांधला आहे त्या संस्थांत भारताने हजर आणि जागे असायलाच हवे. बाहेर राहिलो तर तिथले नियमही आपल्याविना लिहिले जातील.

पुन्हा कोट्याकडे

२०२२पासून सलग चार वर्षे जी-२०चे अध्यक्षपद इंडोनेशिया, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांच्याकडे होते. आफ्रिकी संघाला पूर्ण सदस्यत्व मिळाले ते याच काळात, दिल्लीत. जुलै २०२५मध्ये रिओत ब्रिक्सच्या अर्थमंत्र्यांनी नाणेनिधीच्या सुधारणेचा एकत्रित प्रस्ताव मांडला. कोटा ठरवताना अर्थव्यवस्थेचा आकार आणि क्रयशक्ती यांना जास्त महत्त्व द्यावे, आणि कोणाचा वाटा वाढवताना गरीब देशांचा कापू नये, अशी त्यातली मागणी आहे.

ब्रिक्सचे २०२६चे अध्यक्षपद भारताकडे असल्याने हा प्रस्ताव पुढे रेटण्याची जबाबदारीही भारतावर आहे. नाणेनिधीच्या पुढच्या, सतराव्या आढाव्यात तो टिकतो की नाही हे ८५ टक्के मतांवर ठरेल. त्यासाठी अमेरिकेचा होकार लागेल, आणि ज्यांचे वाटे घटणार त्या युरोपीय देशांशीही बोलणी करावी लागतील. २०१०च्या फेरवाटपात बेल्जियमसारख्या देशांनी आपला वाटा कमी होऊ दिला होता. या वेळी ते कशाच्या मोबदल्यात तयार होतील, हा प्रश्न ब्रिक्सने अजून नीट हाताळलेला नाही आणि भारताने सुरुवात तिथूनच करावी.